मशीन वाचत नाही ती ओळ

अपडेट सकाळी आलं. मीच ‘हो’ म्हटलं.
दुपारी पत्रिकेतला ‘वऱ्हाडी’ बिघडला.
र जागचा उठला,
ह च्या डोक्यावर जाऊन बसला:
वर्हाडी.
ढोबळ्यांचा पोरगा काउंटरवरून वाकून म्हणाला,
‘ताई, हे काय छापून राहिल्या तुम्ही?
आमचे पाहुणे का कोणाच्या डोक्यावर बसाले येऊन राहिले?’
हसला. पण तीनशे पत्रिका परवा सकाळी पाहिजेत.

गोळीबार चौक, मे महिना, शटर अर्धं खाली.
कूलरची मोटार पाणी ओढत नाही,
वाळ्याचा नुसता वास येतो, गारवा नाही.
मी बंद करून चालू केलं.
फॉन्ट काढला, परत टाकला.
तेच.
मग ‘चाचणी’ नावाचा एक नवाच वापरकर्ता काढला,
त्याच्या कोऱ्या घरात तीच पत्रिका उघडली,
तर वऱ्हाडी रांगेत, शहाण्यासारखे.
म्हणजे खोट मशीनमध्ये नाही.
खोट माझ्याच फोल्डरात कुठेतरी.

टिंबाने सुरू होणाऱ्या फायली दिसत नाहीत,
हे मला गुणवंतने सांगितलं होतं.
‘ताई, कंट्रोल धरा न् एच दाबा.
लपलेलं सगळं वर येते.’
गुणवंत पराते. बाप हातमागावर होता,
म्हणून हा तुटलेल्या धाग्याचं आधी टोक शोधायचा,
शिव्या मागाहून.
जुनं डबडं मशीन, त्यात फुकटची प्रणाली
त्यानेच बसवली, त्यानेच आमच्या हाताची केली:
पट्टी डावीकडे, कारण स्क्रीनची उजवी कड मेलेली,
घड्याळात मराठी आकडे,
एक कळ दाबली की ‘श्री गजानन प्रसन्न’, दंडांसकट.
गेल्या दिवाळीत गेला.
कसा गेला ते मला ठाऊक आहे.

कंट्रोल, एच.
धुळीतून निघाव्यात तशा फायली.
एकीचं नाव ‘सुरुवात’.
उघडली. आज्ञा इंग्रजीत,
आणि प्रत्येकीच्या वर हॅश टाकून मराठी.
हॅशनंतरचं मशीन वाचत नाही,
ते माणसांसाठी असतं.

# ही ओळ काढू नका. काढली की प्रिंटर रुसतो.

# पंखा नाही, कूलर लागला की व्होल्टेज पडते. म्हणून दर पाच मिनिटाले आपोआप सेव्ह.

# अक्षर मोठं ठेवा, १६. ताईले बारीक दिसत नाही. सांगत नाही.

इथे मी थांबले.
चार वर्षं मला वाटायचं,
या प्रणालीत अक्षरं मोठीच असतात.

खाली आणखी एक:

# नवा फॉन्ट कधी ना कधी वऱ्हाडी मोडीन. मोडला तर खालच्या ओळीचा हॅश काढा, जुना परत येते.

हॅश काढला.
बाहेर पडले, आत आले.
र खाली उतरला,
ह च्या पुढे आपली भुवई वाकवून उभा राहिला.
वऱ्हाडी.
ढोबळ्यांना फोन केला, म्हटलं, बसले तुमचे पाहुणे जागेवर.

मग फाइल बंद करायची तर
कर्सर लुकलुकत होता शेवटच्या ओळीखाली.
मी हॅश टाकला. लिहिलं:

# काढला. चौदा मे. कुंदा.

परत एक हॅश.

# दोन महिन्यांचा पगार माझ्याकडे राहिला. मंदी होती हे खरं, पण तेवढी नव्हती.

सेव्ह केलं.
मशीन काही बोललं नाही.
त्याने वाचलंच नव्हतं.

उमरेडला कुरिअरच्या ऑफिसात असतो म्हणतात.
मोबाइलमध्ये नंबर अजून होता,
‘गुणवंत दुकान’ या नावाने.
प्रिंटर तापत होता, पहिली पत्रिका अर्धी बाहेर आलेली,
आणि तिकडे रिंग वाजून राहिली होती.